गाणं थांबलं तरी ॲम्प्लिफायर 'गूंऽऽ' का करत राहतो? महागडा 'लो-नॉइज' बोर्ड लावून तो आवाज जातो का?

पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेची चर्चा नाशिककर कित्येक वर्षं ऐकत आहेत. या रेल्वेचा आधी आखलेला मार्ग बदलावा लागला, त्यामागे 'नॉइज' हे एक मोठं कारण होतं. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तिथे आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी टिपतात. शेजारून विजेवरची गाडी धावू लागली, तर तिच्यातून निघणाऱ्या विद्युत गोंगाटात या लहरी बुडून जातील, असा शास्त्रज्ञांचा आक्षेप होता.

नाशिकमध्ये घरच्या घरी ॲम्प्लिफायर जोडणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याची अडचण याहून फार वेगळी नसते. फरक फक्त आकाराचा. ऐकायचा सिग्नल लहान आणि शेजारची वीज मोठी. गाणं चालू असतं तोवर सगळं झकास वाटतं. गाणं संपतं आणि स्पीकरमधून 'गूंऽऽ' ऐकू येतं. मग कोणीतरी सल्ला देतं, "पॉवर सप्लाय बदल. लो-नॉइज बोर्ड मिळतात ऑनलाइन." बोर्ड येतो, लागतो. 'गूंऽऽ' मात्र तसंच.

असं का होतं? हे बोर्ड नेमकं काय करतात? आणि पैसे कधी खर्च करावेत, कधी करू नयेत?

आधी भिंतीतल्या विजेपासून सुरुवात

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची, आणि ती एका सेकंदात ५० वेळा पुढे-मागे होते. ॲम्प्लिफायरला मात्र सरळ, एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. हे काम तीन जण मिळून करतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करतो, चार डायोडचा ब्रिज उलट्या दिशेची अर्धी लाट सुलटी करतो आणि मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मधल्या खाचा भरून काढतो.

खाचा पूर्ण भरत नाहीत. पाण्याच्या टाकीसारखंच हे आहे. टाकी दर ठरावीक वेळाने भरली जाते, पण मधल्या वेळेत नळ चालू असतो, त्यामुळे पातळी खाली-वर होते. या खाली-वर होण्याला 'रिपल' म्हणतात. उलटी लाटही सुलटी केल्यामुळे टाकी सेकंदाला ५० ऐवजी १०० वेळा भरते.

रिपल किती, याचा ढोबळ हिशोब सोपा आहे. करंटला १०० ने भागा आणि आलेल्या उत्तराला कपॅसिटरच्या फॅराडने भागा. सर्किट १०० मिलिअँपिअर घेत असेल आणि कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरडचा असेल, तर उत्तर येतं ०.४५ व्होल्ट. मोबाइलमधून किंवा सीडी प्लेअरमधून ॲम्प्लिफायरला येणारा सिग्नल साधारण ०.३ व्होल्टचा असतो. म्हणजे गाण्यापेक्षा मोठी लाट सप्लायच्या वायरवर स्वार झालेली असते. ती आवाजात शिरू नये, यासाठीच पुढचा सगळा खटाटोप.

हा 'गूंऽऽ' कोणत्या पट्टीत आहे?

इथे पेटी वाजवणाऱ्यांचा फायदा आहे. १०० हर्ट्झचा सूर पांढरी पाचच्या अगदी जवळ बसतो, त्यापेक्षा किंचित चढा. ५० हर्ट्झचा सूर म्हणजे तीच पांढरी पाच, एक सप्तक खाली. भारतातले सगळे बिघडलेले ॲम्प्लिफायर एकाच पट्टीत गातात असं म्हणायला हरकत नाही! अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे, त्यामुळे तिथला 'गूंऽऽ' काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी अडकतो.

ही नुसती गंमत नाही. हा सूर ५०चा आहे की १००चा, यावरून रोग कुठे आहे ते बऱ्यापैकी कळतं.

आवाज १०० हर्ट्झचा आणि थोडा करकरीत, 'झर्रर्र' असा असेल, तर संशय पॉवर सप्लायवर घ्यावा. कपॅसिटर कमी पडतोय, जुना होऊन सुकलाय, किंवा कपॅसिटर भरतानाचे करंटचे झटके सिग्नलच्याच ग्राउंड वायरमधून जाताहेत. आवाज ५० हर्ट्झचा, मऊ आणि खोल असेल, तर सप्लाय बहुधा निर्दोष आहे. ट्रान्सफॉर्मरभोवतीचं चुंबकीय क्षेत्र जवळच्या वायरमध्ये शिरतंय, इनपुटची शिल्डेड वायर कुठेतरी तुटलीय, किंवा 'ग्राउंड लूप' झालाय.

कानाला फरक कळत नसेल तर मोबाइलवर स्पेक्ट्रम ॲनालायझरचं एखादं मोफत ॲप घ्या आणि फोनचा माइक स्पीकरला चिकटवा. लहान स्पीकरमधून ५० हर्ट्झ नीट बाहेर पडतच नाही आणि फोनचा माइकही तो नीट पकडत नाही. म्हणून वरचे सुळके बघा. १००, २००, ३०० वर सुळके दिसले तर सप्लाय. १५०, २५० असे मधले सुळके ठळक असले तर लूप किंवा चुंबकीय गळती. निदान शंभर टक्के बरोबर येईलच असं नाही, पण बोर्ड मागवण्याआधीच्या पाच मिनिटांसाठी ही चांगली गुंतवणूक आहे.

दुसरी तपासणी त्याहून सोपी. व्हॉल्यूम शून्यावर न्या. 'गूंऽऽ' गेला, तर तो व्हॉल्यूमच्या नॉबच्या आधी कुठेतरी शिरतोय: ब्लूटूथ मॉड्यूल, प्रीअँप, इनपुटची केबल. तसाच राहिला, तर नॉबच्या पुढे: पॉवर अँप, त्याचा सप्लाय, त्याचं ग्राउंड.

४४४० वर उगाच आळ

महाराष्ट्रातल्या हौशी मंडळींचा पहिला ॲम्प्लिफायर अनेकदा '४४४०' आयसीचाच असतो. जपानच्या सान्यो कंपनीने एलए ४४४० हा आयसी बनवला तो मुळात कार स्टिरिओसाठी. त्याला १३.२ व्होल्टचा सप्लाय अपेक्षित आहे, आणि गाडीतली वीज स्वच्छ नसते हे गृहीत धरूनच तो रचला आहे. सप्लायवरची लाट दाबण्याची त्याची क्षमता डेटाशीटमध्ये ४६ डेसिबल दिली आहे.

डेसिबलचा हिशोब इथे एकदा समजून घेतला की पुढचं सोपं जातं. दर २० डेसिबलला १० पट. ४० म्हणजे १०० पट, ६० म्हणजे १००० पट. ४६ म्हणजे साधारण २०० पट.

आता ४४४०च्या पाठीमागे ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे आणि गाणं थांबलेलं असताना तो साधारण १०० मिलिअँपिअर घेतोय असं धरू. रिपल येतो ०.२१ व्होल्ट. त्याला २०० ने भागा. स्पीकरवर उरतो १ मिलिव्होल्ट. स्पीकरला कान लावला तर ऐकू येईल कदाचित, खोलीभर घुमणार नाही. त्यामुळे ४४४०चा बोर्ड खोलीभर गुणगुणत असेल, तर दोष बहुतेक वेळा आयसीच्या सप्लायमध्ये नसून ग्राउंडच्या जोडणीत किंवा पुढे लावलेल्या ब्लूटूथ पॅनलमध्ये असतो. अशा बोर्डला महागडा लो-नॉइज रेग्युलेटर लावणं म्हणजे गळक्या नळासाठी टाकी बदलणं. शिवाय मोठ्या आवाजात हा आयसी अँपिअरमध्ये करंट ओढतो आणि बहुतेक लो-नॉइज बोर्ड अर्धा ते एक अँपिअरच्या वर जात नाहीत.

मग रेग्युलेटर काय करतो?

कपॅसिटरनंतर उरलेली लाट रेग्युलेटर कापतो. आउटपुटवर सतत नजर ठेवायची, व्होल्टेज वाढलं की थोडं आवळायचं, कमी झालं की सैल सोडायचं, एवढंच त्याचं काम. दुकानात सर्वांत सहज मिळणारे म्हणजे ७८१२ आणि एलएम ३१७. दोन्ही काही रुपयांत येतात.

एलएम ३१७ हा बॉब डॉबकिन या अभियंत्याने १९७६ मध्ये नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीत असताना घडवला. जवळपास अर्धशतक झालं, तरी तो जगभर विकला जातोय. सप्लायवरची लाट तो साधारण ६५ डेसिबलने दाबतो. त्याच्या 'ॲडजस्ट' पायाला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की हा आकडा ८० पर्यंत जातो. मघाच्या ०.४५ व्होल्टच्या लाटेचं काय होतं बघा. कपॅसिटर नसेल तर पाव मिलिव्होल्ट उरतो. तो लावला तर ४५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे आणखी पाच-सहा पट कमी. दोन-तीन रुपयांच्या भागात एवढं मिळत असताना अनेक तयार बोर्डांवर नेमका हाच कपॅसिटर वगळलेला असतो. बोर्ड विकत घेताना सगळ्यात आधी तो शोधावा.

पण रेग्युलेटरचा स्वतःचाही आवाज असतो. ३१७च्या बाबतीत तो आउटपुट व्होल्टेजच्या ०.००३ टक्के धरतात. १५ व्होल्टवर हे होतात ४५० मायक्रोव्होल्ट. हा 'गूंऽऽ' नसतो, हा 'स्सऽऽ' असतो, दूरवर पाऊस पडतोय असा. भिंतीतल्या विजेशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे मोठे कपॅसिटर आधी लावून तो जात नाही.

लो-नॉइज बोर्ड इथे कामाला येतात

हौशी लोकांनी या प्रश्नाचा पाठपुरावा बराच आधी सुरू केला होता. अमेरिकेतल्या 'द ऑडिओ ॲमॅच्युअर' या मासिकात १९८० मध्ये माइक सुल्झर यांनी कमी गोंगाटाच्या रेग्युलेटरचं सर्किट दिलं. १९९५ मध्ये वॉल्ट युंग यांनी त्याच मासिकात लेखमाला लिहून ते आणखी सुधारलं. 'सुपर रेग्युलेटर' नावाने विकले जाणारे बरेचसे बोर्ड याच घराण्यातले आहेत. कल्पना अशी की, शांत संदर्भ व्होल्टेज घ्यायचं, ते आणखी गाळायचं, आणि एका चांगल्या ऑप-अँपला त्याच्याशी आउटपुटची तुलना करायला बसवायचं.

आता हे सगळं एका चिपमध्ये येतं. सध्या ज्या बोर्डांची सर्वाधिक चलती आहे त्यांच्यावर एलटी ३०४२ किंवा एलटी ३०४५ ही चिप असते. ही लिनियर टेक्नॉलॉजी या कंपनीची. ३१७वाले बॉब डॉबकिन १९८१ मध्ये या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते, आणि २०१७ पासून ती ॲनालॉग डिव्हायसेसचा भाग आहे. या चिपचा स्वतःचा गोंगाट आहे ०.८ मायक्रोव्होल्ट. ३१७च्या ४५० शेजारी हा आकडा ठेवला की जाहिरातदारांचा उत्साह समजतो. पाचशे पटींहून जास्त फरक!

फरक खरा आहे. तो तुमच्या कानापर्यंत पोहोचतो का, हे मात्र सप्लायच्या पुढे काय जोडलंय यावर ठरतं.

सप्लायच्या पुढे ऑप-अँप असेल, उदाहरणार्थ सगळ्यांचा लाडका एनई ५५३२, तर तो कमी फ्रिक्वेन्सीवर सप्लायची लाट साधारण १०० डेसिबलने, म्हणजे एक लाख पटीने दाबतो. ३१७ मधून आलेले ४५ मायक्रोव्होल्ट आणखी एक लाख पटीने कमी झाले की उरतं ते कुठल्याही कानाच्या आणि घरगुती उपकरणाच्या पलीकडचं. इथे ३१७च्या जागी ३०४५ लावणं म्हणजे शून्याला धुऊन आणखी पांढरं करण्याचा प्रयत्न.

पुढे साधं ट्रान्झिस्टरचं सर्किट असेल तर गोष्ट उलटी. एका ट्रान्झिस्टरच्या प्रीअँपमध्ये सप्लायवरची लाट कलेक्टरच्या रेझिस्टरमधून जवळजवळ जशीच्या तशी आउटपुटला उतरते. कंडेन्सर माइकचंही असंच. बोटाच्या पेराएवढ्या त्या इलेक्ट्रेट माइकला एका रेझिस्टरमधून सप्लाय दिलेला असतो आणि आवाजही त्याच तारेवरून बाहेर येतो. माइकचा सिग्नल ५ मिलिव्होल्टचा धरला आणि ५ व्होल्टवरच्या ३१७चा गोंगाट १५० मायक्रोव्होल्टचा, तर बोलणं गोंगाटापेक्षा जेमतेम ३३ पट मोठं. यूट्यूबसाठी घरी माइक बनवणाऱ्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे जो 'स्सऽऽ' ऐकू येतो, त्यात याचा मोठा वाटा असू शकतो.

यावरही लो-नॉइज बोर्डच्या आधीचा एक उपाय आहे. सप्लाय आणि माइकचा रेझिस्टर यांच्या मध्ये १ किलो-ओहमचा आणखी एक रेझिस्टर आणि तिथून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. १०० हर्ट्झवर ही जोडी लाट ६० पटींहून जास्त कमी करते, आणि त्यावरच्या फ्रिक्वेन्सींना आणखी जास्त. माइक अर्धा मिलिअँपिअर घेतो, त्यामुळे अर्धाच व्होल्ट वाया जातो. खर्च एका वडापावाहून कमी.

खरी गरज लागते ती रेकॉर्ड प्लेअरच्या प्रीअँपला, स्टुडिओ दर्जाच्या माइक प्रीअँपला आणि डिजिटल फाइलचं आवाजात रूपांतर करणाऱ्या डॅक चिपला. डॅकमध्ये संदर्भ व्होल्टेजवर जो गोंगाट असेल तो थेट आवाजाला चिकटतो, तिथे पुढे कुणी दाबणारा नसतो. रेकॉर्ड प्लेअरची सुई साधारण ५ मिलिव्होल्ट देते. प्रीअँप ते १०० पट वाढवतो. शिवाय रेकॉर्ड कापताना बेस मुद्दाम कमी केलेला असतो, तो भरून काढायला १०० हर्ट्झला आणखी साडेचार पट आणि ५० हर्ट्झला सात पट वाढ द्यावी लागते. म्हणजे इनपुटला शिरलेला ५० हर्ट्झचा एक मायक्रोव्होल्ट बाहेर येताना ७०० झालेला असतो. आजोबांच्या रेकॉर्ड बाहेर काढून प्लेअर दुरुस्त करणाऱ्यांना पहिल्याच दिवशी 'गूंऽऽ' का छळतो, ते यातून कळावं.

मोबाइल चार्जर आणि ब्लूटूथची 'चिंऽऽ'

आता ट्रान्सफॉर्मर सोडून ॲडाप्टरकडे येऊ, कारण आज बहुतेक हौशी प्रोजेक्ट १२ व्होल्टच्या ॲडाप्टरवर किंवा मोबाइल चार्जरवरच चालतात. हे सगळे एसएमपीएस. ते वीज सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद करून व्होल्टेज कमी करतात. 'गूंऽऽ' गायब होतो, पण नवा पाहुणा येतो.

तो पाहायचा असेल तर जुना मिडियम वेव्हचा रेडिओ काढा. दोन स्टेशनच्या मधल्या रिकाम्या जागी सुई ठेवा आणि चार्जरजवळ न्या. 'घर्रर्र' वाढला की समजायचं, हा चार्जर किती ओकतोय. दोन चार्जरची तुलना करायला याहून स्वस्त उपकरण नाही.

साधे रेग्युलेटर या उंच फ्रिक्वेन्सीसमोर थकतात. ३१७चे ते ८० डेसिबल १०० हर्ट्झजवळचे आहेत, लाखांच्या घरात ते खूपच घसरतात. ३०४५ मात्र १ मेगाहर्ट्झवरही ७६ डेसिबल टिकवून धरते. एसएमपीएसच्या मागे लावायचा असेल तर अशा बोर्डचे पैसे वसूल होतात.

पण ब्लूटूथ मॉड्यूल जोडल्यावर, फोन कनेक्ट होताना ऐकू येणारी ती 'चिंऽऽ टक-टक चिंऽऽ' बोर्डने जात नाही. कारण ब्लूटूथ मॉड्यूल आणि ॲम्प्लिफायर एकाच सप्लायवर असतात आणि मॉड्यूलचे करंटचे झटके त्याच ग्राउंडमधून जातात, ज्याला ॲम्प्लिफायर आवाजाचा 'शून्य' समजतो. शून्यच हलू लागला तर सप्लाय कितीही शांत असून उपयोग काय? यावर हौशी मंडळींनी शोधलेला रामबाण म्हणजे बी ०५०५ एस हा चौकोनी काळा डबा. ५ व्होल्ट आत, ५ व्होल्ट बाहेर, पण दोन्ही बाजूंची ग्राउंड एकमेकांपासून तोडलेली. मॉड्यूलला याच्यातून वीज दिली की त्याचं ग्राउंड फक्त ऑडिओ केबलमधूनच ॲम्प्लिफायरला भेटतं आणि झटक्यांची वाट बंद होते.

अशा सेटअपमध्ये ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लावल्यावर हलक्या झिणझिण्या येतात, याचाही अनेकांनी अनुभव घेतला असेल. दोन पिनांच्या ॲडाप्टरमध्ये मेन्सची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यात एक छोटा 'वाय कपॅसिटर' असतो, त्यातून येणारा हा अतिशय कमी करंट आहे. झिणझिण्या हलक्या असतील तर कारण हेच. झटका बसत असेल तर मात्र तो ॲडाप्टर लगेच बाजूला ठेवा.

संध्याकाळीच का गुणगुणतो?

दुपारी शांत असलेला ॲम्प्लिफायर संध्याकाळी 'गूंऽऽ' करू लागतो, ही तक्रार शहरापेक्षा गावात जास्त. कारण व्होल्टेज.

रेग्युलेटरला काम करायला आत येणारं व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा निदान दीड-दोन व्होल्ट जास्त लागतं. १२-०-१२ ट्रान्सफॉर्मरमधून ब्रिजनंतर प्रत्येक बाजूला साधारण १६.३ व्होल्ट मिळतात. त्यातून १२ व्होल्ट काढायचे तर चार व्होल्टची मोकळी जागा आहे, छान चालतं. लाइन २०० व्होल्टवर आली की आत १४ उरतात. काठावर. निफाड-दिंडोरीकडच्या एखाद्या गावात शेतीपंप एकदम सुरू झाले आणि लाइन १८० वर घसरली, तर आत १२.६. आता रेग्युलेटरकडे आवळायला-सैल सोडायला काही उरलंच नाही. लाट सरळ आरपार जाते. बोर्ड लाखमोलाचा असला तरी हेच होणार.

याच कारणाने १२-०-१२ वर १५ व्होल्टचा सप्लाय बसवता येत नाही, जो प्रयत्न हौशी प्रोजेक्टमध्ये हमखास दिसतो. मग १५-०-१५ घ्यावा? ३१७ साठी उत्तम. पण ३०४५च्या बोर्डसाठी इथे सापळा आहे. १५-०-१५ मधून २०.५ व्होल्ट येतात आणि ही चिप चालते २० व्होल्टपर्यंत. २२ ही तिची सहन करण्याची कमाल मर्यादा. रात्री उशिरा लाइन २५० वर चढली की आत २२.३ व्होल्ट. म्हणजे महागडी चिप गेली. 'आला तेव्हा चालत होता, दुसऱ्या दिवशी बंद' या तक्रारीमागे दर वेळी नकली मालच असतो असं नाही. ज्यांना ३०४५ वरून १२ व्होल्ट हवेत त्यांनी १२-०-१२ ठेवावा, ज्यांना १५ हवेत त्यांनी आधी ३१७ ने व्होल्टेज १८ च्या आसपास आणून मग ते या बोर्डला द्यावं.

नकली मालाचा प्रश्न आहेच. महागड्या चिपचं नाव स्वस्त चिपवर छापून विकणं हा जगभरचा धंदा आहे. अस्सल एलटी ३०४५ची सुटी चिपच काही शे रुपयांची असते. अख्खा जोडलेला बोर्ड त्याहून कमी किमतीत मिळत असेल, तर त्यावर काय बसवलंय याचा विचार विकणाऱ्याने केलाय, आपणही करावा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली इथे प्रत्यक्ष जाऊन घेण्याचा फायदा एवढाच की, परत जाऊन दुकानदाराला विचारता येतं.

अर्थिंग तोडू नका

'गूंऽऽ' घालवण्याचा एक उपाय सर्रास सांगितला जातो आणि तो खरंच चालतो, म्हणूनच तो धोकादायक आहे. तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन काढून टाकायची किंवा आतली हिरवी वायर कापायची.

लॅपटॉप चार्जरला लावला की स्पीकर गुणगुणतो आणि चार्जर काढला की गप्प होतो, तेव्हा ग्राउंड लूप झालेला असतो. लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर दोघेही अर्थिंगला जोडलेले, आणि शिवाय ऑडिओ केबलनेही एकमेकांना जोडलेले. या वर्तुळात ५० हर्ट्झचा करंट फिरतो. अर्थिंग कापली की वर्तुळ तुटतं, आवाज जातो. पण नंतर कधी ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन बिघडलं आणि फेजची वायर पत्र्याला लागली, तर ॲम्प्लिफायरचा डबा, त्याला जोडलेली माइकची केबल आणि माइकची लोखंडी जाळी, सगळं २३० व्होल्टवर येतं. फ्यूज उडत नाही, कारण करंटला जायला वाटच नाही. ती वाट मग माइक धरलेला माणूस होतो. गणेशोत्सवाच्या मांडवात ओल्या जमिनीवर अनवाणी उभा राहून सूचना देणारा कार्यकर्ता डोळ्यांसमोर आणा.

लूप तोडायचा असेल तर ऑडिओच्या बाजूने तोडा. केबलमध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाने तो तयार मिळतो. किंवा दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, वर्तुळ लहान होतं आणि बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. मेन्सच्या बाजूला अर्थिंग, फ्यूज आणि शक्य असेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, यांना हात लावायचा नाही.

डब्याच्या आत काय करायचं?

ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या सॉकेटपासून जमेल तितका लांब ठेवा. स्क्रूने कसण्याआधी तो चालू ठेवून हाताने थोडा फिरवून बघता येतो, मेन्सचे सगळे जोड झाकलेले असतील तरच. एका कोनात 'गूंऽऽ' अचानक कमी होतो. ब्रिजपासून मोठ्या कपॅसिटरपर्यंतच्या वायर आखूड आणि एकमेकींवर पीळ दिलेल्या असाव्यात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्राउंड. ब्रिजचं ग्राउंड आधी कपॅसिटरच्या पायाला पोहोचू द्या आणि पुढच्या सगळ्या ग्राउंड वायर त्या पायाच्या पलीकडून, एकाच बिंदूवरून घ्या. इनपुटचं ग्राउंड ब्रिजच्या वायरवर मध्येच कुठे जोडलं, तर कपॅसिटर भरतानाचे सगळे झटके गाण्यात मिसळतात.

लो-नॉइज बोर्ड घेतलाच असेल तर तो ज्याला वीज द्यायची त्याच्या शेजारी बसवा, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी नाही. फूटभर लांब वायरच्या टोकाला ०.८ मायक्रोव्होल्टचा दावा टिकत नाही. आणि साध्या मल्टिमीटरने तो मोजायला जाऊ नका, मीटर मायक्रोव्होल्ट दाखवतच नाही. तो शून्य दाखवेल आणि दुकानदारही तेच शून्य दाखवून बोर्ड विकेल.

बोर्ड मागवण्याआधी एक चाचणी करून घ्या. जुन्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी घ्या, तिच्या प्लस वायरमध्ये २ अँपिअरचा फ्यूज टाका, भिंतीतला प्लग काढा आणि १२ व्होल्टवर चालणारा आपला ॲम्प्लिफायर थोडा वेळ बॅटरीवर चालवा. गाणं फोनवरूनच द्या, फोन चार्जिंगला नको. बॅटरीत ५० हर्ट्झ नाही, १०० नाही, स्विचिंगही नाही. 'गूंऽऽ' गेला, तर दोष भिंतीच्या बाजूला आहे. मग मोठा कपॅसिटर, ३१७ आणि त्याच्या पायाला १० मायक्रोफॅरड, या क्रमाने वर चढत जा. 'चिंऽऽ' तशीच राहिली तर ब्लूटूथकडे वळा. 'स्सऽऽ' तसाच राहिला, तर तो ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या पोटातला आहे, आणि त्याला कुठलाही सप्लाय गप्प करू शकत नाही.